फरिदाबादचे दहा बळी : दोष एकट्या वादळाचा नव्हे

२५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून एका अत्यवस्थ रुग्णाला घेऊन दिल्लीकडे निघालेले एक लहान विमान हरियाणातील फरिदाबाद शहरात, पर्वतिया कॉलनी नावाच्या दाट वस्तीवर कोसळले. विमानातील सातही जण ठार झाले. ज्यांचा या विमानाशी, या प्रवासाशी किंवा त्या रुग्णाशी काडीचाही संबंध नव्हता असे वस्तीतील तिघेही मारले गेले. वीस वर्षांचा एक तरुण, त्याच्याबरोबर निघालेला नातलग, दोन डॉक्टर, एक परिचारक, दोन वैमानिक आणि जमिनीवरचे तीन रहिवासी, असे एकूण दहा बळी गेले. दिल्लीचा विमानतळ तेथून काही मिनिटांच्या अंतरावर होता.

चार दिवस या दुर्घटनेची चर्चा झाली. मंत्र्यांनी शोक व्यक्त केला, चौकशी जाहीर झाली, अहवाल तयार झाला आणि प्रकरण फायलीत बंद झाले. परंतु त्या रात्रीने उपस्थित केलेले प्रश्न मात्र बंद झालेले नाहीत. हवाई रुग्णवाहिकांचा धंदा त्यानंतर वाढतच गेला. लहान शहरांतून मोठ्या शहरांकडे, सरकारी रुग्णालयांतून खाजगी रुग्णालयांकडे रुग्णांना घेऊन जाणारी विमाने रात्री-अपरात्री उडतच आहेत. म्हणूनच फरिदाबादची दुर्घटना ही एका रात्रीची दुर्दैवी हकीकत समजून सोडून देता येणार नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेविषयीची आणि विमान वाहतुकीच्या नियंत्रणाविषयीची साक्ष म्हणून तिच्याकडे पाहिले पाहिजे.

चौकशीने काय सांगितले

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विमान पिलाटस पीसी-१२ जातीचे, एकाच टर्बोप्रॉप इंजिनाचे होते. वैद्यकीय पथक घेऊन ते त्याच संध्याकाळी दिल्लीहून पाटण्याला गेले, तेथे बेशुद्धावस्थेतील रुग्णाला घेतले आणि रात्री साडेआठच्या सुमारास परत निघाले. मे महिन्याच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थानात दिवसभर तापलेल्या जमिनीवर संध्याकाळनंतर धुळीची वादळे उठतात, गडगडाटी ढग उभे राहतात. लोक त्याला ‘आंधी’ म्हणतात. त्या रात्री दिल्लीच्या परिसरात असेच हवामान होते. दिल्लीजवळ येता येता, साडेदहा वाजून गेल्यावर, विमान अशा हवेत सापडले, वैमानिकांचे त्यावरील नियंत्रण सुटले आणि ते खाली आले.

बाह्य हवामानाचा परिणाम, नियंत्रणे हाताळण्यातील चूक, वैमानिकांचा झालेला दिशाभ्रम किंवा या तिन्हींचा संयोग, हे दुर्घटनेचे संभाव्य कारण असल्याचा निष्कर्ष चौकशीने काढला. तांत्रिकदृष्ट्या या निष्कर्षाशी वाद घालण्याचे कारण नाही. गडगडाटी ढगात हवेचे झोत काही सेकंदांत विमानाला वर उचलतात व तितक्याच वेगाने खाली ढकलतात. दिवसा क्षितिज दिसत असते. रात्री ढगांत वर कोणते व खाली कोणते हे डोळ्यांना कळत नाही, आणि शरीराचा तोल सांभाळणारा कानाच्या आतील भाग तर सरळसरळ खोटी साक्ष देतो. विमान एका बाजूला कलंडत असतानाही वैमानिकाला ते सरळ चालले आहे असे वाटू शकते. अशा वेळी केवळ उपकरणांवर विश्वास ठेवून विमान सावरावे लागते. अनुभवी माणसांचाही या प्रसंगी पराभव होतो. विमान वाहतुकीच्या इतिहासात याची उदाहरणे असंख्य आहेत.

परंतु दुर्घटनेचे तांत्रिक कारण सांगितले म्हणजे दुर्घटनेचा उलगडा झाला असे नव्हे. खाणीत छत कोसळले तर ‘दगड सैल झाला होता’ हे कारण खरेच असते. पण खाणकामगार विचारतो, दगड सैल असलेल्या ठिकाणी माणसे का पाठवली? येथेही तोच प्रश्न आहे. मरण पावलेल्या वैमानिकांना स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि वादळाला समन्स बजावता येत नाही. त्यामुळे या दोघांवर ठपका ठेवणे सर्वांनाच सोयीचे होते. ज्यांना उत्तर देता आले असते त्यांना मात्र कोणी प्रश्नच विचारला नाही.

रुग्ण आकाशात का होता?

पहिला प्रश्न असा की, मरणासन्न अवस्थेतील एका तरुणाला मध्यरात्रीच्या सुमारास वादळी हवेतून, रेल्वेने मोजल्यास सुमारे हजार किलोमीटर अंतरावरील दुसऱ्या शहरात का न्यावे लागत होते? त्याचे गाव काही निर्जन वाळवंटात नव्हते. पाटणा ही दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्याची राजधानी आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९२५ साली स्थापन झालेले, म्हणजे देशातील जुन्या संस्थांपैकी एक आहे. इतक्या जुन्या संस्थेच्या शहरात यकृताच्या गंभीर आजारावर उपचार मिळण्याची आशा एका कुटुंबाला वाटू नये, हा त्या कुटुंबाचा दोष नव्हे. दशकानुदशके सार्वजनिक रुग्णालयांना निधी, माणसे व यंत्रे यांवाचून तडफडत ठेवणाऱ्या धोरणाचा तो दोष आहे.

पाटण्यात दिल्लीच्या धर्तीवर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभारण्याची घोषणा २००३ साली झाली होती. २००४ साली तिची कोनशिलाही बसली. ती संस्था प्रत्यक्ष सुरू झाली २०१२ साली, म्हणजे फरिदाबादच्या दुर्घटनेनंतर. घोषणा आणि दरवाजा उघडणे यांच्यामध्ये नऊ वर्षे गेली. त्या नऊ वर्षांत बिहारमधून किती रुग्ण रेल्वेच्या डब्यातून, जीपमधून आणि ज्यांना परवडले ते विमानातून दिल्लीला गेले असतील, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही. सरकारी दिरंगाईला सत्ताधाऱ्यांच्या भाषेत ‘प्रकल्पाचा विलंब’ म्हणतात. रुग्णाच्या कुटुंबाच्या भाषेत तिला दुसरे नाव आहे.

त्याच मार्गावर पाच वर्षांनी आणखी एक प्रसंग घडला. २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून दिल्लीला हृदयरुग्ण घेऊन येणाऱ्या दुसऱ्या एका हवाई रुग्णवाहिकेची दोन्ही इंजिने दिल्लीजवळ बंद पडली. वैमानिकांनी विमान नजफगढ भागातील शेतात उतरवले. सातही जण वाचले, कारण दिवसाचा उजेड होता आणि खाली मोकळे शेत होते. फरिदाबादला रात्र होती आणि खाली घरे होती. वर्ष वेगळे, विमान वेगळे, पण मार्ग तोच आणि प्रवासाचे कारणही तेच. हा योगायोग नव्हे. जेथे सार्वजनिक आरोग्यसेवा संपते तेथून हा मार्ग सुरू होतो.

निशातगंजपासून भामरागडपर्यंत

हा प्रश्न केवळ बिहारचा आहे असेही कोणी समजू नये. लखनौचे निशातगंज घ्या. गोमतीच्या पलीकडे वसलेली, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची ही जुनी वस्ती. पूर्व उत्तर प्रदेशातून येणारा फैजाबाद रस्ता येथे शहरात शिरतो. गोंडा, बहराइच, बाराबंकीकडील रुग्णांना लखनौच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत न्यायचे, तर शहराच्या गर्दीतून वाट काढण्याखेरीज गत्यंतर नाही. जिल्हा रुग्णालयातून ‘लखनौला न्या’ आणि लखनौहून ‘दिल्लीला न्या’ अशी ही साखळी आहे. साखळीच्या प्रत्येक कडीवर रुग्णाचे काही तास जातात आणि कुटुंबाचे काही हजार रुपये. दिल्लीपर्यंतची शेवटची कडी विमानाने जोडायची तर काही लाख रुपये मोजावे लागतात. जमीन, दागिने किंवा सावकार यांखेरीज ते कोठून येणार?

आणि ज्यांच्याकडे विकण्यासारखेही काही नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी आकाश नाही, रस्ताही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गरोदर बाईला खाटेवर घालून खांद्यावरून न्यावे लागल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेकाठच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचायला बोट हीच रुग्णवाहिका. एकाच देशात एकाच वेळी एका रुग्णासाठी विमान आणि दुसऱ्या रुग्णासाठी खाट, अशी ही वर्गीय समाजाची वाहतूक व्यवस्था आहे. पण या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे चुकीचे होईल. विमानात बसलेला पाटण्याचा तरुण आणि खाटेवरची भामरागडची बाई हे एकाच अन्यायाचे बळी आहेत. दोघांनाही घराजवळ उपचार नाकारले गेले. फरक इतकाच की एकाच्या कुटुंबाला त्या नकाराची किंमत मोजता आली.

१९४६ साली भोर समितीने पैशाअभावी कोणीही उपचारापासून वंचित राहू नये असे तत्त्व मांडले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या काळातही, हा खर्च १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक भार थेट लोकांच्या खिशावर पडत होता. हवाई रुग्णवाहिकांचा बाजार या दोन आकड्यांच्या दरम्यान उभा आहे. सार्वजनिक रुग्णालय जितके दुबळे, तितका हा धंदा तेजीत.

‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

दुसरा प्रश्न रात्रीच्या उड्डाणाचा. हवामान वाईट असताना उड्डाण करायचे की नाही हा निर्णय कोण घेतो आणि कोणत्या परिस्थितीत घेतो? कायद्याने तो वैमानिकाचा आहे. परंतु हवाई रुग्णवाहिकेच्या वैमानिकावर दोन ओझी असतात. एक माणुसकीचे : मागे स्ट्रेचरवर माणूस मरतो आहे आणि बाहेर त्याचे नातलग हात जोडून उभे आहेत. दुसरे व्यवहाराचे : पैसे आगाऊ घेतलेले आहेत, मध्यस्थाने वेळ दिलेली आहे, विमान उभे राहिले तर तोटा आहे. येथे कोणाच्या वैयक्तिक हेतूंवर संशय घेण्याचे कारण नाही. वैमानिक प्रामाणिक असला, मालक सज्जन असला, तरी ज्या व्यवस्थेत उड्डाण झाले तरच पैसा मिळतो त्या व्यवस्थेचा कल उड्डाणाकडेच असणार. माणसाच्या सज्जनपणावर सुरक्षितता अवलंबून ठेवता येत नाही. ती नियमांवरच उभी करावी लागते.

अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. भांडवलशाहीच्या त्या बालेकिल्ल्यात २००२ नंतर सरकारी विमायोजनेचे दर बदलताच खाजगी हवाई रुग्णवाहिकांचा धंदा भराभर फोफावला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीन वर्षांतील ५५ वैद्यकीय उड्डाण-अपघातांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांत ५४ माणसे मेली होती. उड्डाणापूर्वी धोक्याचे पद्धतशीर मूल्यमापन, जमिनीवरून उड्डाणांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, भूभागाची सूचना देणारी उपकरणे आणि रुग्ण विमानात नसतानाही तेच कडक नियम, एवढ्या साध्या गोष्टी झाल्या असत्या तर ५५ पैकी २९ अपघात टळू शकले असते असा त्या मंडळाचा निष्कर्ष होता. म्हणजे निम्म्याहून अधिक. तरीही हे नियम रुग्णवाहक हेलिकॉप्टरांना सक्तीचे करायला २०१४ साल उजाडावे लागले. दरम्यान भाडे मात्र चढत गेले. २०१७ साली तेथे एका हेलिकॉप्टर फेरीची मध्यम आकारणी सुमारे ३६ हजार डॉलर होती. सुरक्षेला आठ वर्षे वाट पाहावी लागली, नफ्याला एक दिवसही थांबावे लागले नाही.

३१ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेतीलच फिलाडेल्फिया शहरात एक हवाई रुग्णवाहिका उड्डाणानंतर लगेच वस्तीवर कोसळली. उपचार संपवून मेक्सिकोला घरी निघालेली एक लहान मुलगी, तिची आई आणि कर्मचारी असे विमानातील सहाही जण मृत्युमुखी पडले. जमिनीवरील दोघांचेही प्राण गेले. चौकशी करणाऱ्यांना विमानातील संभाषण नोंदवणारे यंत्र सापडले, पण त्यात त्या उड्डाणाची नोंदच नव्हती. ते यंत्र बहुधा कित्येक वर्षे काही नोंदवतच नव्हते. जगातील सर्वांत श्रीमंत देशात ही स्थिती असेल, तर ‘बाजार स्वतःच सुरक्षेची काळजी घेतो’ या प्रवचनाची किंमत काय, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा मार्ग आहे

यावर एक आक्षेप घेतला जातो. वादळ काही मालकी हक्क पाहून येत नाही. विमान सरकारी असते तरी ढग तेच असते, असे म्हटले जाते. हे खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात १९२८ साली सुरू झालेली ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर’ सेवा नफ्यासाठी चालत नाही, तिला सरकारी निधी मिळतो, आणि विरळ वस्तीच्या अफाट मुलखात शेतमजुरापासून मेंढपाळापर्यंत सर्वांना ती उपलब्ध आहे. तिच्याकडेही अपघात झाले. डिसेंबर २००१ मध्ये माउंट गॅम्बियर येथे काळोख्या रात्री उतरताना तिचे एक विमान कोसळले आणि वैमानिक ठार झाला. नफ्याचे तत्त्व दूर केले म्हणजे गुरुत्वाकर्षण थांबते असे कोणी म्हणत नाही.

पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही सेवा ज्या विमानांवर चालते त्यांत फरिदाबादला पडलेल्या जातीचेच पिलाटस पीसी-१२ विमान मोठ्या प्रमाणावर आहे. यंत्र तेच, काम तेच. फरक आहे तो यंत्राभोवतीच्या संघटनेत. तेथे स्वतःचा स्थिर वैमानिक वर्ग आहे, स्वतःचे डॉक्टर व परिचारिका आहेत आणि एकच संस्था दीर्घकाळ हेच काम करीत आली आहे. फेरी रद्द झाली म्हणून तिचे दिवाळे निघत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा विमान एकाचे, वैद्यकीय पथक दुसऱ्याचे, गिऱ्हाईक आणणारा मध्यस्थ तिसरा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, असा कारभार असतो.

आपल्या देशातही सार्वजनिक खर्चाने ही सेवा देता येते हे आता सिद्ध झाले आहे. मध्य प्रदेशात २०२४ पासून आयुष्मान कार्डधारकांना हवाई रुग्णवाहिका मोफत देण्याची योजना आहे. ऋषिकेशच्या आयुर्विज्ञान संस्थेची मोफत हेलिकॉप्टर सेवाही त्याच वर्षी सुरू झाली. मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना तिचे हेलिकॉप्टर मोडले, सुदैवाने कोणी दगावले नाही. म्हणजे सेवा मोफत झाली तरी सुरक्षेचा प्रश्न उरतोच, आणि खर्च सरकारने करून उड्डाण कंत्राटदाराने करायचे असेल तर तो अधिकच उरतो. मोफत सेवा आणि सुरक्षित सेवा या दोन्ही मागण्या एकदमच केल्या पाहिजेत.

रखवालदारच अपुरे

तिसरा प्रश्न नियंत्रणाचा. २०११ साली विमान वाहतुकीचे नियम करणारे, परवाने देणारे आणि अपघात झाल्यावर चौकशी चालवणारे, सारे एकाच छत्राखाली होते. २०१२ साली अपघात चौकशीसाठी वेगळा विभाग निघाला, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. पण नियंत्रक आणि चौकशी विभाग हे दोघेही आजही एकाच मंत्रालयाच्या अधीन आहेत. ज्या मंत्रालयाला विमान उद्योगाच्या वाढीचे आकडे मिरवायचे आहेत, त्यानेच त्या उद्योगाच्या चुका शोधायच्या, ही रचना मुळातच सदोष आहे.

आणि हे नियंत्रण करायला माणसे तरी आहेत काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय स्थायी समितीने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची अवस्था उघड केली : मंजूर पदे १०६३, भरलेली ५५३. जवळजवळ निम्मी पदे रिकामी! मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या विमानांवर निदान लोकांचे लक्ष असते. दोन-तीन विमाने बाळगणाऱ्या, मागणीनुसार उड्डाणे करणाऱ्या लहान कंपन्यांच्या तपासणीला अशा अर्ध्या मनुष्यबळात किती वेळ मिळत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून रुग्णासह उडालेल्या एका विमानाचे चाकच उड्डाणाच्या वेळी निखळून पडले. रात्री नऊनंतर मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरून वैमानिकाने ते पोटावर उतरवले आणि पाचही जीव वाचवले. त्या वैमानिकाचे कौशल्य निःसंशय थोर. परंतु वैमानिकाच्या कौशल्याची अशी परीक्षा घेण्याची वेळ आणणे ही सुरक्षाव्यवस्था नव्हे.

जमिनीवरचे मृत

पर्वतिया कॉलनीतील तिघांचा उल्लेख बहुधा ‘आणि जमिनीवरील तीन’ असा आकड्याच्या शेपटासारखा होतो. त्यांनी तिकीट काढले नव्हते, कोणता धोका पत्करला नव्हता. ते आपल्या घरी होते. शहरांच्या कडेला आणि विमानमार्गांच्या खाली राहायला कोण येते? ज्याला शहराच्या मध्यात जागा परवडत नाही तो. कारखान्यांच्या फरिदाबादेत अशा वसाहती श्रमिकांनीच उभ्या केल्या. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला कोसळलेल्या प्रवासी विमानाने २६० बळी घेतले. त्यांतील १९ जण जमिनीवरचे होते, आणि विमान आदळले ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर. प्रवाशांच्या नुकसानभरपाईसाठी १९७२ चा हवाई वाहतूक कायदा आहे. जमिनीवर मेलेला माणूस त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, कारण तो ‘प्रवासी’ नाही. त्याच्या वारसांना कंपनीच्या औदार्याची, सरकारी मदतनिधीची किंवा दिवाणी न्यायालयाच्या दीर्घ वाटेची आस धरावी लागते. ज्यांचा दोष शून्य त्यांचा हक्कही धूसर, हे न्यायाचे कोणते तत्त्व?

काम करणाऱ्यांचा प्रश्न

शेवटी, ज्यांच्या श्रमांवर ही सेवा चालते त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. फरिदाबादच्या सात मृतांपैकी पाच जण कामावर होते. डॉक्टर, परिचारक, वैमानिक हे सर्व कामाच्या जागी मेलेले कामगार होत. जमिनीवरील रुग्णवाहिकांची कथा वेगळी नाही. उत्तर प्रदेशात २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये १०८ व १०२ सेवेच्या कर्मचाऱ्यांनी कंत्राटदार बदलल्यामुळे नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून संप केला. लखनौत त्यांचे धरणे झाले. महामारीत ज्यांच्यावर फुले उधळली गेली होती, त्यांच्यापैकी शेकडो जणांना कामावरून काढण्यात आले. महाराष्ट्रातही २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेली १०८ सेवा कंत्राटी पद्धतीचीच. आज आहे आणि उद्या नाही अशी ज्याची नोकरी, तो ‘ही गाडी, हे विमान आज निघण्यायोग्य नाही’ असे कोणत्या बळावर सांगणार? ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कागदावर सर्वांना असतो. तो वापरण्याचे सामर्थ्य कायम नोकरी आणि संघटना यांतूनच येते. रुग्णाची सुरक्षितता आणि कामगाराची सुरक्षितता या दोन गोष्टी नाहीत.

या साऱ्यातून काही मागण्या स्पष्टपणे निघतात. हवाई रुग्णवाहिकांसाठी सामान्य भाडोत्री विमानांहून वेगळे, कडक आणि सक्तीचे नियम हवेत. रात्रीच्या प्रत्येक वैद्यकीय उड्डाणापूर्वी लेखी धोका-मूल्यमापन झाले पाहिजे. रुग्णाची अवस्था न सांगता, केवळ हवामान व विमान यांच्या आधारे वैमानिकाला निर्णय घेऊ द्यावा, आणि उड्डाण नाकारल्याबद्दल कोणालाही एका पैशाचाही तोटा होता कामा नये. महासंचालनालयातील रिकामी पदे ताबडतोब भरली पाहिजेत. अपघात चौकशी विभाग मंत्रालयापासून स्वतंत्र करून संसदेला उत्तरदायी केला पाहिजे. जमिनीवरील मृतांच्या वारसांना प्रवाशांइतकीच भरपाई कायद्याने मिळाली पाहिजे. हवाई व जमिनीवरील रुग्णवाहिका ही सार्वजनिक सेवा मानून तिच्यातील कंत्राटी पद्धत बंद झाली पाहिजे. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी ही की, प्रत्येक विभागीय शहरात यकृत, हृदय, मेंदू आणि भाजलेल्या रुग्णांवर उपचार करू शकणारे, पूर्ण मनुष्यबळाचे सरकारी रुग्णालय असले पाहिजे. ज्या दिवशी पाटण्याच्या, निशातगंजच्या किंवा भामरागडच्या रुग्णाला स्वतःच्या विभागात उपचार मिळतील, त्या दिवशी रात्रीच्या बहुसंख्य उड्डाणांची गरजच उरणार नाही. न झालेले उड्डाण हेच सर्वांत सुरक्षित उड्डाण होय.

या मागण्या आकाशातून पडणार नाहीत. रुग्णालयातील कर्मचारी, विमान कामगार, रुग्णवाहिकांचे चालक आणि उपचारासाठी कर्ज काढणारी लक्षावधी कुटुंबे यांनी त्या एकत्रितपणे लावून धरल्या तरच त्या सरकारच्या कानी पडतील. फरिदाबादच्या दहा जणांना वादळाने मारले असे म्हणून गप्प बसणे सोपे आहे. परंतु मे महिना दरवर्षी येतो, आंधी दरवर्षी उठते आणि रुग्णाला घेऊन दिल्लीकडे निघालेली विमाने दर रात्री आकाशात असतात. वादळ थांबवणे माणसाच्या हाती नाही. त्या वादळात रुग्णाला ढकलणारी व्यवस्था बदलणे मात्र माणसाच्याच हाती आहे.